कोणता गेम घ्यायचा आणि कोणता नुसता बघून सोडून द्यायचा

माझ्या लायब्ररीत दोनशेच्या वर गेम आहेत आणि त्यातले जवळजवळ निम्मे मी एकदाही उघडलेले नाहीत. बहुतेक सगळे सेलमध्ये घेतलेले. महाग गेम घेऊन पस्तावलोय असं क्वचितच झालं, कारण पूर्ण किंमत मोजताना माणूस चार वेळा विचार करतो. फसलो ते ‘एवढ्या स्वस्तात परत कधी मिळणार’ म्हणत घेतलेल्या गेममध्ये. पैसे फारसे गेले नाहीत, पण संध्याकाळी खेळायला बसायचं, अर्धा तास ती यादी वरखाली करायची आणि काहीच न खेळता झोपायचं, असं वर्षभर चाललं. शेवटी मी गेम घेण्याआधी करायच्या गोष्टींचा एक क्रम ठरवला. पहिल्यांदा तासभर लागतो, सवय झाली की वीस मिनिटांत उरकतं.

आधी स्वतःकडे बघा

स्टोअर उघडण्याआधी एका कागदावर दोन याद्या करा. तुम्ही शेवटपर्यंत खेळलेले शेवटचे तीन गेम, आणि अर्ध्यात सोडलेले शेवटचे तीन. प्रत्येकापुढे एकच क्रियापद लिहा: त्या गेममध्ये तुम्ही बहुतेक वेळ काय करत होतात? पळत होतात, नेम धरत होतात, वस्तू गोळा करत होतात, बांधत होतात, वाचत होतात, की कोडं सोडवत होतात?

मी स्वतःला कायम ‘ओपन वर्ल्डवाला’ समजत आलो. मनाला येईल तिकडे फिरायला मोठा नकाशा, घोडा, दूरवर डोंगर, की माझं मन विरघळलंच. यादी केली तेव्हा सोडलेले तिन्ही गेम नेमके त्याच जातीचे निघाले. संपवलेल्यांत ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’, ‘इन्टू द ब्रीच’ आणि ‘पोर्टल’, तिन्ही डोकं लढवायला लावणारे. म्हणजे मला ओपन वर्ल्ड बघायला आवडतं आणि एका जागी बसून डोकं खाजवायला आवडतं. खरेदी मात्र मी पहिल्या आवडीनुसार करत होतो.

त्याच कागदावर तुमचा खेळायचा वेळही लिहा. आठवड्याचे एकूण तास लिहिलेत तरी चालेल, पण एका बैठकीत किती मिनिटं मिळतात ते जास्त महत्त्वाचं. रात्री जेवणानंतर पाऊण तास मिळत असेल, तर जिथे मनात येईल तेव्हा सेव्ह करता येत नाही असा गेम कितीही थोर असला तरी तुमच्या घरात टिकणार नाही. घरात तान्हं बाळ असेल तर मध्येच थांबवता येणारा गेमच हवा, आणि ऑनलाइन सामना थांबवता येत नसतो.

गेममध्ये हात काय करणार?

प्रकाराच्या नावावर जाऊ नका. ‘आरपीजी’ (पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) हा शब्द ‘डिस्को एलिझियम’लाही लागतो आणि ‘एल्डन रिंग’लाही. पहिल्यात तुम्ही तासन्‌तास संवाद वाचता आणि मनातल्या मनात फासे टाकता. दुसऱ्यात शत्रूचा वार अंगावर यायच्या क्षणी लोळण घेऊन चुकवता, मरता आणि पुन्हा तेच करता. एक आवडला म्हणून दुसरा आवडेल, याला काडीचाही आधार नाही.

ट्रेलरवरून हे कळत नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते ट्रेलर बघूनच म्हटलं असावं. त्यातला कॅमेरा तुम्हाला खेळताना कधी मिळत नाही आणि मेनूचा एकही सेकंद त्यात दिसत नाही. त्यापेक्षा कोणी मध्ये न बोलता, काटछाट न करता खेळलेला लांब व्हिडिओ शोधा. सुरुवात सोडून द्या, कारण पहिला तास सगळ्यांनीच घासूनपुसून ठेवलेला असतो. सरळ मध्यावर जा, आवाज बंद करा आणि दहा मिनिटं बघा. संगीत थांबलं की उरतं ते फक्त काम. एकदा मी असंच बघत असताना मोजलं: दहा मिनिटांतली जवळपास चार मिनिटं खेळाडू सामानाच्या यादीत होता, ही तलवार टाकू की ती. काही लोकांना त्यातच खरा आनंद असतो, आणि त्यात चूक काही नाही. मला नव्हता. गेम यादीतून काढला.

या रीतीला अपवाद आहे. ‘आउटर वाइल्ड्स’सारख्या गेममध्ये तुम्ही मिळवता ते फक्त ज्ञान. ना ताकद वाढते, ना हत्यारं सुधारतात. मधली दहा मिनिटं बघितली तर तेवढा गेम तुम्ही न खेळताच संपवलात. ‘ओब्रा डिन’चंही तसंच. जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं हे शोधायचं असतं, आणि तीन नोंदी बरोबर आल्याशिवाय गेम ‘बरोबर’ म्हणत नाही. तिसरी नोंद भरल्यावर जो क्षण येतो तो दुसऱ्याच्या व्हिडिओत बघून वाया घालवू नका. रहस्याच्या गेमची फक्त पहिली दहा मिनिटं बघा आणि थांबा. डेमो असेल तर उत्तमच. स्टीम या कम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात ‘नेक्स्ट फेस्ट’ हा उत्सव भरतो तेव्हा येऊ घातलेल्या शेकडो गेमचे डेमो एकदम मिळतात.

रिव्ह्यू वाचायचे कसे

आकडा बाजूला ठेवा. स्टीमवर दिसणारे 95 टक्के म्हणजे गेमला शंभरात पंच्याण्णव गुण नव्हेत. शंभरातल्या पंच्याण्णव जणांनी ‘घ्या’ म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांना बरा वाटलेला साधा गेम 95 वर जातो, आणि पुष्कळांना वेड लावणारा, उरलेल्यांना वैताग देणारा गेम सत्तरच्या आसपास अडकतो. माझे दोन-तीन लाडके गेम त्या सत्तरवाल्यांतलेच आहेत. मेटाक्रिटिक या साइटचा आकडा वेगळ्या जातीचा. तिथे समीक्षकांच्या गुणांची सरासरी असते आणि सगळ्या प्रकाशनांना सारखं वजन नसतं.

मी आधी नकारात्मक रिव्ह्यू उघडतो. लिहिणाऱ्याने किती तास खेळलाय ते स्टीमवर नावाजवळच दिसतं. वीस मिनिटं खेळून शिव्या घातल्या असतील तर बहुधा गेम चालूच झालेला नसतो. ही तांत्रिक माहिती म्हणून वाचायची. चारशे तास खेळून ‘भिकार गेम’ लिहिणाऱ्याला तर गेम चांगलाच मानवलेला दिसतो. त्याचा राग बहुतेक एखाद्या नव्या बदलावर असतो. कामाचे असतात ते पाच ते वीस तास खेळून, नीट कारण देऊन सोडणारे. त्यांचं कारण तुमच्या कागदाशी ताडून बघा. ‘नुसतं वाचत बसावं लागतं’ ही कोणाची तरी तक्रार वाचून मी एक गेम त्याच दिवशी घेतला होता.

गेल्या तीस दिवसांचा कौल आणि एकूण कौल यांत मोठी तफावत दिसली तर काहीतरी घडलंय असं समजा. गेम नव्या पॅचने (दुरुस्तीच्या अपडेटने) मोडला असेल, सुधारला असेल, किंवा खेळाशी संबंध नसलेल्या कारणावरून लोक भडकले असतील. वरचे पाच रिव्ह्यू वाचले की उलगडा होतो.

रिव्ह्यू कोणत्या मशीनवरचा आहे हेही बघा. ‘सायबरपंक 2077’ डिसेंबर 2020 मध्ये आला, तेव्हा समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत मिळाली होती. गुण भरघोस पडले. जुन्या कन्सोलवर (प्लेस्टेशनसारख्या, टीव्हीला जोडायच्या मशीनवर) त्याचे इतके हाल होते की सोनीने आठवडाभरातच तो आपल्या स्टोअरवरून काढला. परत ठेवला तो पुढच्या जूनमध्ये.

भागाकार करा

हाउलाँगटुबीट या साइटवर कोणता गेम संपवायला किती तास लागतात हे खेळाडू नोंदवतात: नुसती मुख्य गोष्ट, बाजूच्या कामांसकट, आणि सगळं शंभर टक्के. ‘पोर्टल’ तीन-चार तासांत संपतो. ‘पर्सोना 5 रॉयल’ला शंभर तास कमीच पडतात. आता तुमच्या आठवड्याच्या तासांनी भागा. आठवड्याला चार तास मिळत असतील तर शंभर तास म्हणजे पंचवीस आठवडे, जवळजवळ सहा महिने एकच गेम. चालणार असेल तर खुशाल घ्या.

इथे एक हिशेब लोक हमखास चुकवतात: किंमत भागिले तास. जितके जास्त तास तितका गेम स्वस्त पडला म्हणे. पण गोष्टीसाठी खेळणाऱ्याचे त्यातले चाळीस तास एकाच प्रकारचे शत्रू पुन:पुन्हा मारण्यात गेले, तर ते त्याच्या खिशातूनच गेले ना? छोटा गेम ही माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित खरेदी आहे. शनिवार-रविवारी संपतो आणि आठवणीत राहतो.

मशीनचं थोडक्यात

‘किमान’ लिहिलेल्या गरजा म्हणजे गेम उघडेल, सुखाने चालेलच असं नाही. ‘शिफारस’च्या रकान्याशी आपलं मशीन जुळवा. डिस्कवर जागा किती लागते आणि एसएसडी (वेगवान डिस्क) लागतो का, ते बघा. टीव्हीवर लांबून खेळणार असाल तर अक्षरं मोठी करता येतात का, हे एखाद्या व्हिडिओतल्या सेटिंग्जमध्ये तपासा. मुलांसाठी घेत असाल तर वयाचा शिक्का वाचा. युरोपातल्या पेगीचे 3, 7, 12, 16 आणि 18 असे टप्पे आहेत. ते आशयाबद्दल असतात, अवघडपणाबद्दल नव्हे. 3 लिहिलेला गेम मोठ्यांनाही घाम फोडू शकतो.

कधी घ्यायचा

प्री-ऑर्डर, म्हणजे गेम यायच्या आधीच खरेदी, करू नका. डिजिटल प्रत संपत नाही, मग रांगेत आधी उभं राहून मिळवायचं काय? शिवाय थांबणाऱ्याला गेम स्वस्त तर मिळतोच, वर सुधारलेला मिळतो. ‘नो मॅन्स स्काय’ 2016 मध्ये आला तेव्हा दिलेल्या आश्वासनांपुढे फारच रिकामा होता. आज घेणाऱ्याला वर्षानुवर्षांच्या फुकट अपडेट्ससकट मिळतो. ‘अर्ली ॲक्सेस’मध्येही, म्हणजे अर्धवट असतानाच विकायला काढलेल्या गेममध्येही, हेच पाळा: आज जे आहे ते आवडलं तर घ्या, पुढे काय येणार त्याच्या भरवशावर नको. त्या वाटेने आलेला ‘हेडीस’ सोन्यासारखा निघाला, पण कितीतरी गेम त्याच वाटेवर पडून आहेत.

केवळ ऑनलाइन चालणाऱ्या गेमला मात्र थांबण्याचा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. उशीर केला तर समोर खेळायला माणसंच उरत नाहीत, घाई केली तर गेमच उरत नाही. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ 23 ऑगस्ट 2024 ला आला आणि 6 सप्टेंबरला बंद झाला. पैसे परत मिळाले, हे नशीब. युबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’चे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद केले आणि विकत घेतलेली प्रत एकट्यानेही खेळता येईना. स्टोअरच्या पानावर ‘सतत इंटरनेट आवश्यक’ असं लिहिलेलं असेल तर आपण गेम भाड्याने घेतोय असं धरून किंमत ठरवा. तुमचे तीन-चार मित्र आधीच तो खेळत असतील तर प्रश्न सोपा आहे, नसतील तर निदान महिनाभर थांबा. गेममध्ये पुन्हा पैसे मागतात का, हेही त्याच पानावर असतं. नुसते पात्रांचे कपडे विकत असतील तर हरकत नाही, पण आत काय निघेल ते नशिबावर अशा विकतच्या पेट्या असतील तर मी तरी चार हात लांब राहतो.

सेलच्या दिवशी

इतकं सगळं करून गेम पसंत पडला तरी लगेच घेऊ नका. विशलिस्टमध्ये टाका आणि महिना जाऊ द्या. महिन्यानंतर नाव वाचून ‘हा कोणता बरं?’ असं झालं, तर काम झालं. सवलत खरी की दिखाऊ, हे जुन्या किमतींची नोंद ठेवणाऱ्या साइट्सवर एका मिनिटात कळतं. सेल पुन्हा येतोच.

बटण दाबण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: आज रात्री डाउनलोडला लावणार का? उत्तर ‘आधी चालू आहे तो संपवतो, मग’ असं आलं, की मी टॅब बंद करतो. मासिक वर्गणीच्या सेवेत तोच गेम असेल तर तिथे चाखून बघणं सर्वांत स्वस्त, फक्त तिथले गेम ये-जा करत असतात हे ध्यानात ठेवा.

पहिली नव्वद मिनिटं

घेतल्यावरही दार उघडं असतं. स्टीमवर खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. इतर स्टोअरचे नियम वेगळे आहेत आणि काही ठिकाणी नुसतं डाउनलोड सुरू केलं तरी हक्क जातो, म्हणून घेण्याआधी वाचा.

मी फोनवर नव्वद मिनिटांचा गजर लावतो. घड्याळ सेटिंग्जमध्ये आणि पात्राचा चेहरा घडवण्यातही पळत असतं. एका गेममध्ये मी नाकाचा आकार ठरवण्यात चाळीस मिनिटं घालवली होती, आणि तो गेम पुढे फक्त पाठीमागून दिसणाऱ्या पात्राचा निघाला. गजर वाजला की पॉज. खूप अवघड वाटत असेल तर आधी सोपा करायची सोय आहे का, ते शोधा. ‘सेलेस्त’मध्ये ‘असिस्ट मोड’ आहे, ‘हेडीस’मध्ये ‘गॉड मोड’ चालू केला की प्रत्येक मरणागणिक तुम्ही थोडे चिवट होता. त्यानेही जमत नसेल तर परत करा.

अलीकडे गजर वाजला तेव्हा मी एका नव्या गेममध्ये बंद दारासमोर उभा होतो. पॉज केला, पाणी प्यायला उठलो, आणि स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्या दाराचाच विचार चालू होता. तो गेम मी ठेवला.