गव्हाच्या अर्ध्या दाण्यात नवे प्रथिन तयार होताना कसे पाहावे

पेशीत प्रथिन तयार होते हे विद्यार्थ्यांना पाठ असते. पण नव्याने घडलेले प्रथिन आधीच्या साठ्यातून वेगळे कसे ओळखायचे, असे विचारले की वर्ग गप्प होतो. त्यासाठी गव्हाचा दाणा पुरेसा आहे. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेले असते, म्हणून बेळगावच्या बाजारातून खाण्याचाच गहू घ्यावा आणि तो उगवतो याची आधी खात्री करावी.

दाणे ब्लेडने आडवे कापून भ्रूणाचे व बिनभ्रूणाचे अर्धे वेगळे करावेत, पातळ ब्लीचमध्ये दहा मिनिटे ठेवून उकळून गार केलेल्या पाण्याने चार-पाच वेळा धुवावेत. बिनभ्रूणाचे काही अर्धे रात्रभर पाण्यात आणि काही लिटरला 1 मिलिग्रॅम जिब्रेलिक आम्लाच्या (वनस्पतींच्या एका संप्रेरकाच्या) द्रावणात ठेवावेत. अथणीकडचे द्राक्षबागायतदार ‘जीए’ म्हणतात ते हेच. भ्रूणाचे अर्धे साध्या पाण्यात ठेवावेत, मात्र त्यांतले काही तुलनेसाठी नंतर उकळून घ्यावेत. मग 100 मिलिलिटर पाण्यात दीड ग्रॅम अगार व अर्धा ग्रॅम स्टार्च उकळून बशीत गोठवावे, त्यावर दाण्यांची कापलेली बाजू टेकवावी आणि बशी झाकून दोन दिवस अंधारात ठेवावी.

दाणे उचलून आयोडिन ओतताच बशी काळीनिळी होते आणि ‘जीए’ मिळालेल्या दाण्याच्या जागेभोवती रुंद, पारदर्शक कडे उमटते. भ्रूणातून एरवी येणारा निरोप येथे आपण दिलेला असतो. तो मिळताच सालीखालच्या अॅल्युरॉन थरातील जिवंत पेशी अल्फा-अमायलेज या स्टार्च पचवणाऱ्या विकराचा संदेशवाहक आरएनए बनवतात. आंतर्द्रव्यजालिकेवरच्या रायबोसोमवर प्रथिनाची साखळी विणली जात असतानाच ती आत ओढली जाते, तिच्या टोकाचा संकेत-तुकडा छाटला जातो आणि गॉल्गी संकुलातून विकर पेशीबाहेर पडते. भातात याच विकराला वाटेत शर्करेची साखळीही जोडली जाते.

पाण्यातल्या बिनभ्रूण अर्ध्याभोवती जांभळट, अरुंद कडे दिसले तर घाबरू नये: गव्हात बीटा-अमायलेज हे स्टार्च पचवणारे दुसरे विकर आधीपासूनच साठलेले असते. खरा घोटाळा बुरशी करते, कारण तीही स्टार्च पचवते. खानापूरकडच्या पावसाळ्यात हा प्रयोग मी टाळतोच. बुरशी आलेला दाणा मोजणीतून वगळावा.

तरीही कडे म्हणजे केवळ विकराच्या कामाची खूण. ते विकर नव्यानेच घडते, हे फिल्नर आणि वार्नर या शास्त्रज्ञांनी 1967 मध्ये बार्लीवर दाखवले: जड ऑक्सिजनच्या पाण्यात ठेवलेल्या थरातून मिळालेले अमायलेज नेहमीपेक्षा जड भरले.