मोठ्या पॅलिंड्रोम संख्येची विभाज्यता: या चुका टाळा

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांतील शाळांत आठवीच्या शिष्यवृत्तीची तयारी करून घेताना १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या फळ्यावर अवश्य लिहावी. दोन्ही बाजूंनी सारखीच वाचली जाणारी, म्हणजे पॅलिंड्रोम असलेली ही संख्या मुलांना लगेच आवडते; मात्र त्या आवडीच्या भरात काही चुकीचे नियमही पक्के होऊन बसतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे प्रत्येक पॅलिंड्रोम संख्येला ११ ने भाग जातो असे मानणे. अंकांची संख्या सम असेल तरच ही खात्री देता येते, कारण तेव्हा प्रत्येक अंक एकदा सम स्थानी आणि एकदा विषम स्थानी येतो व दोन्ही बेरजा सारख्या होतात. म्हणूनच सम अंकी पॅलिंड्रोममध्ये ११ ही एकच मूळ संख्या आहे. वरील संख्येत मात्र या बेरजा ४१ आणि ४० येतात, त्यामुळे बाकी १ उरते.

ही संख्या नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग आहे. देवळालीचे गणितशिक्षक द. रा. कापरेकर यांनी १२१, १२३२१ या मालिकेला डेम्लो संख्या म्हटले. दहा एकांचा वर्गही असाच येईल असे गृहीत धरू नये. चौकटीच्या वहीत गुणाकार मांडल्यास मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा १ शेजारच्या ९ ला मिळून तेथेही शून्य येते आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे बिघडते.

वीज असेपर्यंत संगणकावर पडताळून घ्यावे म्हणून संख्या एक्सेलमध्ये टाकली, तर शेवटचे दोन अंक शून्य होतात, कारण तेथे पंधराच अंक टिकतात. असे झाल्यास तो रकाना आधी टेक्स्ट करावा आणि गुणाकार कागदावर किंवा पायथॉन या संगणकीय भाषेत करावा.

अंकांच्या बेरजेची चूक अधिक सूक्ष्म आहे आणि माझ्या मते वर्गात सर्वाधिक वेळ तिलाच द्यावा. बेरजेला २७ ने भाग गेला म्हणजे संख्येलाही जातो, हा नियम सर्वसाधारणपणे खोटा आहे: ११८८९ च्या अंकांची बेरीज २७ आहे, तरी २७ ने भागल्यास ९ उरतात. तेच अंक १८९८१ असे मांडले, तर ही संख्या बरोबर २७ × ७०३ आहे. पॅलिंड्रोमसाठी हा नियम २७ ला आणि ८१ लाही खरा ठरतो. १० च्या k व्या घाताला ८१ ने भागल्यावर १ + ९k इतकी बाकी उरते (गरज पडल्यास त्यातून ८१ वजा करावेत). म्हणून अंकांच्या बेरजेखेरीज प्रत्येक अंक गुणिले त्याचा स्थानक्रमांक, अशी दुसरी बेरीजही पाहावी लागते. आपल्या संख्येत एककाचे स्थान ० धरले, तर समोरासमोरच्या स्थानांची बेरीज नेहमी १६ येते, त्यामुळे दुसरी बेरीज अंकांच्या बेरजेच्या नेमकी आठपट होते. अंकांची बेरीज ८१ आहे, म्हणून संख्येला ८१ ने पूर्ण भाग जातो आणि भागाकार १२३४५६७९ चा वर्ग येतो.