कायोटी ब्रश लावताना या चुका टाळा

कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या मराठी माणसाचे हात जून उजाडला की रोपे लावायला शिवशिवतात, कारण मृगाच्या पावसावर लागवड करायची हे आपल्या अंगवळणी पडलेले असते. तिथला पाऊस मात्र हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा जातो. त्यामुळे कायोटी ब्रश हे तिथलेच मूळचे, बारमाही हिरवे, जमिनीलगत पसरणारे झुडूप जूनमध्ये लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पहिल्या पावसाच्या तोंडावर लावलेले रोप हिवाळाभर मुळे खोल सोडते.

पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्यावेच लागते. पण मूळ धरलेल्या झुडपाला, विशेषतः चिकण जमिनीत, रोजचे ठिबक चालू ठेवले तर मुळे कुजतात. यात फसगत अशी होते की कुजक्या मुळांचे झुडूपही तहानलेल्या झुडपासारखेच मलूल दिसते आणि ते पाहून माणूस आणखी पाणी सोडतो. म्हणून आधी खुरप्याने वीतभर खोल माती उकरून पाहावी. ती ओलसर निघाली, तर नळाला हात लावू नये.

रोप घेताना त्याचे वाण विचारावे. या झुडपात नर आणि मादी वेगवेगळे असतात, आणि मादी झुडपाच्या कापसासारख्या बिया, म्हणजे म्हाताऱ्या, शरदात अंगणभर उडत राहतात. 'पिजन पॉइंट' आणि 'ट्विन पीक्स' ही बुटकी वाणे नर झुडपांची कलमे आहेत, तर रानातल्या बियांचे रोप माणसाच्या उंचीचेही होऊ शकते. नर फुलेही मधमाश्यांच्या उपयोगी पडतात, आणि तीही बाकीचा बहर ओसरल्यावर. मला याचे फार मोल वाटते.

'पिजन पॉइंट' आठ फूट सहज पसरते, तेव्हा दोन रोपांत सहा फूट अंतर सोडावे. मधली उघडी जमीन लाकडाच्या भुशाने झाकावी, मात्र तो भुसा खोडाला टेकू देऊ नये.

छाटणी टाळली तर काही वर्षांत झुडूप मधोमध काटक्यांचे होते, आणि घरालगतच्या वाळक्या काटक्या वणव्याला आमंत्रण देतात. हिवाळा सरताना, नवी फूट येण्याआधी उभ्या फांद्या कापाव्यात. शंका वाटल्यास नखाने साल खरवडावी: आत हिरवे दिसले, तर ती फांदी जिवंत आहे.