शेतशिवाराच्या नकाशासाठी प्रक्षेपण निवडताना व त्याची नोंद ठेवताना

क्यूजीआयएसमध्ये (नकाशे बनवण्याच्या संगणकप्रणालीत) प्रक्षेपण, म्हणजे पृथ्वीचा गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत, निवडण्यापूर्वी नकाशावरून काय मोजायचे आहे, हे निश्चित करावे. मोबाइलच्या जीपीएसने घेतलेले धुऱ्याचे बिंदू सहसा ईपीएसजी:4326 मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असतात (ईपीएसजी हा प्रत्येक निर्देशांक-प्रणालीला दिलेला ठरावीक क्रमांक). त्यांवरून थेट हेक्टर काढू नयेत. उपग्रहचित्रांसाठी रूढ असलेले ईपीएसजी:3857 पाहण्यापुरते ठीक आहे, परंतु त्यातील सपाट क्षेत्रफळ आपल्या विदर्भाच्या अक्षांशावर सुमारे 14 टक्के फुगते, म्हणजे 1 हेक्टर कपाशीचे वावर 1.14 हेक्टर भरते, आणि शेतकऱ्याच्या कागदावर असा आकडा जाणे मला मुळीच मान्य नाही.

मोजणीसाठी यूटीएम घ्यावे; हे पृथ्वीचे 6 अंश रुंदीचे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशांक देणारे प्रक्षेपण आहे. विदर्भात येथे विशेष काळजी हवी, कारण 78 अंश पूर्व रेखांशावर पट्टा बदलतो: अकोला व वाशीम 43 उत्तर पट्ट्यात (ईपीएसजी:32643), तर वर्धा व नागपूर 44 उत्तर पट्ट्यात (ईपीएसजी:32644) येतात. यवतमाळ जिल्हा दोहोंत विभागलेला आहे. दारव्हा 43 मध्ये, यवतमाळ शहर 44 मध्ये. एका गावासाठी त्याचाच पट्टा वापरावा.

क्यूजीआयएसमधील ‘सेट लेयर सीआरएस’ने (सीआरएस म्हणजे निर्देशांक-प्रणाली) केवळ थराची ओळख बदलते, निर्देशांक तसेच राहतात; अंशांतील बिंदूंना त्याद्वारे 32644 दिल्यास ते शिवार सोडून हजारो किलोमीटर दूर, विषुववृत्ताजवळ जाऊन पडतात. खऱ्या रूपांतरासाठी ‘रीप्रोजेक्ट लेयर’ वापरावे.

नोंदीत ‘यूटीएम’ एवढेच लिहू नये. मूळ व अंतिम ईपीएसजी क्रमांक, तसेच मोजणी कार्टेशियन (सपाट प्रतलावरची) होती की इलिप्सॉइडल (पृथ्वीची वक्रता धरून केलेली), हे स्पष्ट लिहावे.