नाक चोंदलंय? मग या चुका टाळा

इंदूरची रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघून आमचे धाकटे दीर घरी आले तेव्हा गुलालाने नाक पार बंद झालेलं, मग मेडिकलवरून नाकात घालायचे थेंब आणले, दोन मिनिटात नाक मोकळं. पण अडीच महिने झाले तरी ती बाटली उशीखालीच, रात्री तीनला हात चाचपडत शोधायचे, नाही सापडली तर उठून बसायचे.

हीच सगळ्यात मोठी चूक आहे. नाक नुसत्या शेंबडाने चोंदत नाही हो, आतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि अस्तर सुजतं. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब त्या रक्तवाहिन्या आवळतात म्हणून पटकन आराम पडतो, पण 3 ते 5 दिवसांच्या वर घातले की असर उतरल्यावर सूज पहिल्यापेक्षा जास्त येते, मग परत थेंब, परत सूज. बीपी असेल तर विचारल्याशिवाय घालूच नका. दीरांना डॉक्टरांनी आधी एकाच नाकपुडीतले थेंब सोडायला लावले, मग दुसरीतले, सोबत स्टिरॉइडचा स्प्रे दिला. तो स्प्रे चालायला काही दिवस लागतात, त्यामुळे दोन दिवसात फरक नाही म्हणून फेकू नका, आणि मारताना नाकाच्या मधल्या पडद्यावर नको, स्प्रेचं तोंड बाहेरच्या बाजूला, कानाकडे ठेवा.

जोरजोरात शिंकरणं पण बंद करा, कानात दडा बसतो, एकेक नाकपुडी हळू शिंकरा.

मिठाच्या पाण्याने नाक धुणं खरंच छान, गुलाल-धुळीवर तर फारच, फक्त नळाला आलेलं नर्मदेचं पाणी तसंच घेऊ नका. पिण्याची गोष्ट वेगळी, नाकासाठी उकळून कोमट केलेलंच हवं. एक कप पाण्याला पाव चमचा मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा, नुसतं पाणी घातलं तर आत झोंबतं.

आणि लहान मुलांना वाफ द्यायला उकळत्या पाण्याचं पातेलं समोर ठेवू नका, प्लीज, एका धक्क्यात पोर भाजतं. तान्ह्या बाळाला कापूर, बाम काही नको, मिठाच्या पाण्याचे तयार थेंब मिळतात तेच बरे.

दहा दिवसांत उतार नाही, किंवा बरं वाटून परत ताप आला, तर डॉक्टरांना दाखवा, डोळ्याभोवती सूज आली तर त्याच दिवशी. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर आत मणी नाहीतर चणा अडकलेला असू शकतो, चिमट्याने काढायला जाऊ नका, आणखी आत सरकतो, सरळ ईएनटीकडे, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या.