नवा लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला जात नव्हता, त्यावरचा उपाय
नव्या लॅपटॉपला घरचं वायफाय दिसत होतं, सिग्नलही पूर्ण होता. पासवर्ड टाकला की थोडा वेळ चक्र फिरायचं आणि 'कनेक्ट होऊ शकत नाही' असा संदेश यायचा. त्याच पासवर्डवर फोन मात्र व्यवस्थित चालत होता. राउटर रीस्टार्ट केला, नेटवर्क 'फर्गेट' करून पुन्हा जोडलं, फरक शून्य.

मग राउटरच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे मॅक फिल्टर चालू होता, म्हणजे यादीतल्या उपकरणांनाच प्रवेश. लॅपटॉपचा मॅक अ‍ॅड्रेस (म्हणजे त्याच्या वायफाय हार्डवेअरचा ओळख-पत्ता) यादीत घातला, तरीही नकार!

खरी गोम विंडोजमध्ये होती. वायफायच्या सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' चालू होतं, त्यामुळे लॅपटॉप खऱ्याऐवजी बनावट पत्ता दाखवत होता. असा पत्ता ओळखायची खूण सोपी आहे: त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं. घराबाहेरच्या वायफायवर ही सोय खरंच उपयोगी आहे, म्हणून ती सरसकट बंद करू नका. फक्त घरच्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'ऑफ' करा. मी तेवढंच केलं आणि लॅपटॉप लगेच जोडला गेला.

मॅक फिल्टर नंतर काढूनच टाकला. मॅक अ‍ॅड्रेसची नक्कल सहज करता येते, त्यामुळे खरं संरक्षण डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षा पद्धती) आणि लांबलचक पासवर्डच देतो.