बिलुओचुन: आधी पाणी, मग पानं

चीनच्या जिआंग्सू प्रांतात, सुझोऊजवळच्या ताई सरोवराकाठी डोंगतिंगच्या टेकड्यांवर फळझाडांच्या सावलीत पिकणारा हा हिरवा चहा. वसंताच्या सुरुवातीला खुडलेले कोवळे कोंब गरम कढईत हातानेच परततात आणि वळतात. म्हणून पान गोगलगायीच्या शंखासारखं पिळलेलं दिसतं, अंगावर पांढरी लव असते.

हा चहा करताना काचेच्या ग्लासात आधी पाणी घ्या, साधारण २०० मिली, आणि मगच ३ ग्रॅम पानं वरून सोडा. पाणी ७५ ते ८० अंश सेल्सिअसचं हवं. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी ग्लासात ओतून चार-पाच मिनिटं थांबा. घाई कराल तर चहा कडवट होईल, आणि इतक्या नाजूक पानांचं तसं व्हायला नको.

पानं भराभर तळाशी जातात, पीळ सुटत जातो. लव पाण्यात उतरल्याने चहा किंचित धुरकट दिसेल. तो दोष नव्हे. दोन मिनिटांनी प्यायला घ्या. दूध-साखर अजिबात नको. एक तृतीयांश उरला की पुन्हा गरम पाणी घाला, असा दोन-तीनदा सहज निघतो.

उघडलेलं पाकीट हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवा.